अंबादास मिस्त्रींचा पुठ्ठा

कुणीही गाडी घेऊन आलं की अंबादास मिस्त्री आधी त्याला गप्प करत. मालक बिचारा घरून तक्रारी पाठ करून आलेला असायचा. गाडी धूर मारतेय, सकाळी उठत नाही, चढाला दम टाकते. त्याचं पहिलं वाक्य संपायच्या आत मिस्त्रींचा पंजा वर जायचा. "जरा थांबा. आदी तिला बोलू द्या." मग भिंतीला टेकवलेली बाभळीची हातभर काठी घ्यायची, तिचं एक टोक चालू इंजिनावर टेकवायचं, दुसरं स्वतःच्या कानाला लावायचं आणि डोळे मिटायचे. तोवर मालक पेशंटच्या नातेवाइकासारखा हात बांधून उभा. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आलं. मी स्वतः डॉक्टर आहे, गुरांची. माझ्याही गळ्यात तसलंच यंत्र असतं, फक्त ते दुकानातून आणलेलं आणि मिस्त्रींचं बांधावरून तोडलेलं.

तामलवाडीच्या जनावरांच्या दवाखान्यात माझी बदली झाली त्या वर्षीची ही गोष्ट. माझ्याकडे एक जुनी डिझेल गाडी होती. वाड्या-वस्त्यांवर जायचं तर दुसरा इलाज नव्हता. तिच्या इंजिनातून चिक् चिक् असा आवाज यायला लागला आणि आत बसलं की डिझेलच्या वासानं डोकं चढायचं. सोलापुरात दोघांना दाखवली. दोघांनीही सांगितलं की इंजेक्टर जाम झालाय, ओढला तर तुटेल, इंजिनाचं हेड उतरवावं लागेल. इंजेक्टर म्हणजे इंजिनाच्या डोक्यात खुपसलेली वीतभर लांबीची नळी; ती आत डिझेलचा बारीक फवारा मारते. एवढं ज्ञान मला त्या दोन दिवसांत प्राप्त झालं. मग कुणीतरी म्हणालं, लांब कशाला जाता, तुमच्या दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर, हमरस्त्याला लिंबाखाली पत्र्याचं शेड आहे. तिथला म्हातारा जाम इंजेक्टर काढतो. त्याच्यासाठी लोक लातूरहून येतात.

म्हातारा वगैरे नव्हते तसे. पंचावन्नच्या आसपास असतील. काळे, सडपातळ, डोक्याला गुंडाळलेला पंचा आणि हात मात्र अंगाच्या मानानं मोठे. काठी कानाला लावून त्यांनी निकाल दिला. "तीन नंबरचा. त्येच्या बुडाची तांब्याची वायसर गेलीय. आतली धग वर येती आन् काजळी धरून बसती. दगुड झाला आसंल तितं."

"किती वेळ लागेल?" मी विचारलं.

"ते त्यालाच इचारावं लागंल."

मला असली उत्तरं सोसत नाहीत. माझी आई म्हणायची, ही पोर सातव्या महिन्यातच बाहेर आली, हिला पोटातसुद्धा दम नव्हता. मी मिस्त्रींना ऐकवलं की माझी जनावरं खोळंबली आहेत, मला आज संध्याकाळपर्यंत गाडी पाहिजे, जोर लावून ओढून काढा, तुटला तर माझी जबाबदारी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग अगदी शांतपणे विचारलं, "डॉक्टरबाई, आडलेली म्हैस आली तर तुमी काय करता? पाय धरून वडता?"

आदल्याच दिवशी एका गोठ्यात रेडकाच्या पायांना दोरी बांधून चार गडी ओढत होते आणि मी त्या चौघांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. हे त्यांच्या कानावर आलं होतं की काय, कोण जाणे. मी मुकाट्यानं लिंबाखालच्या बाकड्यावर बसले. पुढची कितीतरी वर्षं त्या बाकड्यावर बसत राहिले.

त्या इंजेक्टरला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी त्यांनी त्याच्या भोवतीच्या खळग्यात तेल सोडलं, वरचा बोल्ट फक्त अर्धा आटा सैल केला आणि मला म्हणाले, "जावा, तुळजापूरपत्तूर जाऊन या. सावकाश." मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पण त्यांचा हिशेब सरळ होता. इंजिन चाललं की आतला दाब त्या नळीला खालून ढुसण्या देतो, गरम झालं की तेल आत मुरतं. "ज्यानं जाम केलंय त्यालाच सोडवू द्यायचं. आपुन निस्तं संगं ऱ्हायचं." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी गरम गाडी आणून लावली, तेव्हा त्यांनी पाना बसवला आणि इंजेक्टर जवाएवढा डावीकडं, जवाएवढा उजवीकडं असा हलवत बसले. तासभर. कपाळावरचा घाम टपकून इंजिनावर चुरचुरत होता, पण हाताला घाई नव्हती. आणि मग तो आला. काळा, डांबरानं माखलेला, सबंध. त्यांनी लगेच त्या भोकात कापडाचा बोळा कोंबला, आत खडा पडू नये म्हणून, आणि मगच वर बघितलं. "थंड इंजिनावर पाना लावायचा न्हाय, बाई. कायबी झालं तरी. थंडपणी वडलं की तुटतंय."

त्यांच्या शेडात ज्वारी पाखडायचं एक जुनं सूप होतं. काढलेले इंजेक्टर त्यात ओळीनं निजवायचे आणि प्रत्येकाच्या उशाशी कवड्या ठेवायच्या. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, अशा चौथ्याला चार. ज्याचं घर त्यालाच, दुसऱ्याच्या घरात बसवलेला इंजेक्टर नांदत नाही, असं ते म्हणत. कवड्या आईच्या परडीतल्या. त्यांच्या आई तुळजापूरच्या देवीच्या आराधीण होत्या, परडी घेऊन जोगवा मागायच्या; त्या गेल्यावर परडी देव्हाऱ्यात आली आणि तुटलेल्या माळेच्या दहा कवड्या मिस्त्रींच्या सुपात. एकदा मिस्त्री जेवायला गेले असताना त्यांच्या बायकोनं, काशीवहिनींनी, शेड झाडलं. देवीच्या कवड्या अशा तेलकट सुपात विखुरलेल्या बघून त्यांचा जीव कळवळला. त्यांनी दहाच्या दहा उचलल्या, धुतल्या, हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवल्या आणि सूपही स्वच्छ पाखडून ठेवलं. चारही इंजेक्टर एका फडक्यात. मिस्त्री परत आले आणि त्यांनी ते फडकं उलगडून बघितलं. वहिनींना एक शब्द बोलले नाहीत. गाडीच्या मालकाला मात्र सांगितलं, "देवीनं कवड्या उचलल्या. आता चार दिस लागत्याल." आणि खरोखर चार दिवस ते चौघांची अदलाबदल करून काठी कानाला लावत बसले. कवड्या मागाहून गुपचूप सुपात परत आल्या.

पुठ्ठ्याचं सांगायचं राहिलं. तेच खरं सांगायचं आहे, म्हणून बहुधा मी टाळते आहे.

इंजेक्टर परत बसला, नळ्या जोडल्या, गाडी चालू केली की शेवटची परीक्षा असायची. कुठं डिझेल गळतंय का ते बघायची. इतर मिस्त्री नळीच्या नटाखालून बोट फिरवतात आणि ओल लागते का बघतात. अंबादास मिस्त्री खिळ्याला अडकवलेला पुठ्ठा काढत. साडीच्या खोक्याचा, एका बाजूनं चकचकीत पांढरा. तो पकडीत धरून लांबूनच नळीजवळून फिरवायचा. गळत असेल तर पांढऱ्यावर ठिपका उमटतो. "हात न्हाय, पुठ्ठा," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल. नळीतल्या डिझेलला इतका जोर असतो की बारीक फटीतून आलं तर कातडीत सुईसारखं घुसतं. दिसत नाही, दुखत नाही, आणि आत मात्र मांस कुजवतं. शेजारच्या तालुक्यातल्या एका पोरगेल्या मिस्त्रीचा अख्खा पंजा त्यानं गेलेला त्यांनी पाहिला होता. मी थट्टा करायची, "मिस्त्री, काढा की माझ्या गाडीचा कार्डिओग्राम." ते हसायचे, पण पुठ्ठा सोडायचे नाहीत.

अजून एक आठवतं. सोलापूरचा एक गृहस्थ मोठी गाडी घेऊन आला. लांबच्या प्रवासाला जायचं होतं, म्हणून चारही इंजेक्टर काढून साफ करून पाहिजे होते. मिस्त्रींनी काठी लावली आणि म्हणाले, तीन चांगले आहेत, चौथा जाम आहे, पण त्याची जागा त्यानं नीट धरलीय, कुठं काही गळत नाही. "त्येला हात लावू नगा. बसलंय, चालतंय, त्येला काडायचं न्हाय. काडलं तर निगंल बी, पर पुन्ना तसं बसायचं न्हाय." गृहस्थ चिडला. म्हणाला, आत घाण आहे हे माहीत असताना मी ती तशीच ठेवू? मिस्त्री म्हणाले, "सगळी घाण काडायची नसती, सायेब. काई घाणीनंच भोक बुजलेलं असतंय." गृहस्थ दुसरीकडे गेला. आठवड्यानं तीच गाडी दोरानं ओढत मिस्त्रींच्या दारात आली, अर्धा तुटलेला इंजेक्टर आत घेऊन. मिस्त्री ‘मी सांगितलं होतं’ असं म्हणाले नाहीत. सूप पुढं ओढलं आणि कामाला लागले. मला ते वाक्य फार आवडलं होतं. मी ते घरी जाऊन नवऱ्यालाही सांगितलं. पण वाक्य आवडणं वेगळं आणि कळणं वेगळं.

तर तो दिवस. माझ्या गाडीचा एक नंबरचा इंजेक्टर काढून बसवला होता. नळ्या जोडून झाल्या होत्या, इंजिन चालू होतं. सकाळचे अकरा असतील. तेवढ्यात फोन आला. आठ-नऊ किलोमीटरवरच्या एका वस्तीवर म्हैस अडली होती. मालक रडवेला झाला होता, पहाटेपासून कळा देतेय म्हणत होता. मी मिस्त्रींना म्हणाले, आटपा. ते खिळ्याकडं गेले. पुठ्ठा सकाळीच दुसऱ्या गाडीच्या डिझेलनं भिजला होता. भिजलेल्या पुठ्ठ्यावर ठिपका काय दिसणार?

"घरातनं नवा कापून आनतो," ते म्हणाले. घर शेतापलीकडं. "पाच-धा मिन्टं."

"दहा मिनिटं?" मी ओरडलेच. "तिथं म्हैस मरतेय मिस्त्री. राहू द्या तो पुठ्ठा. हातानं बघा की!"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. नाही म्हणतील असं क्षणभर वाटलं. पण म्हैस अडलीय म्हटल्यावर त्यांना नाही म्हणता येईना. ते वाकले आणि उजव्या हाताचं बोट नटाखालून फिरवलं. एकदम हात मागं घेतला. "काय झालं?" मी विचारलं. "काय न्हाय. टोचलं जरासं." बोटाच्या पेरावर टाचणी टोचल्यासारखा ठिपका होता. रक्ताचा थेंबसुद्धा नव्हता. त्यांनी नट आवळला, फडक्याला हात पुसला आणि म्हणाले, "आता गळत न्हाय. जावा, बेगीन जावा." मी तो ठिपका पाहिला होता. मी डॉक्टर होते, गुरांची का होईना. शंभरदा ऐकलेलं वाक्य माझ्या कानात होतं. तरी मी गाडीत बसले आणि गेले. रस्त्यावर दहा मोटारसायकली उभ्या होत्या, कुणाच्याही मागं बसून जाता आलं असतं, हेही मला सुचलं नाही.

म्हशीच्या गर्भाशयाला पीळ पडला होता. मी हात घातला तेव्हाच कळलं की रेडकू मेलेलं आहे, आणि आज नाही, आदल्या रात्रीच. मालकाला कळा उशिरा कळल्या होत्या. पीळ सोडवायचा प्रयत्न केला, ओंडक्यासारखं रेडकू काढलं. दिवस मावळायच्या आत म्हैसही गेली.

इकडे मिस्त्रींचा हात दुपारपासून सुजायला लागला. वहिनींनी हळद-चुना लावला. दुसऱ्या दिवशी बोट निळं पडलं, तरी ते कुणाला काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला कळलं तेव्हा मीच गाडीत घालून त्यांना सोलापूरला नेलं. त्याच गाडीत. डॉक्टर म्हणाले, त्याच दिवशी आणलं असतं तर काही करता आलं असतं. उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट, त्याच्या शेजारचं बोट आणि तळव्याचा एक तुकडा काढावा लागला.

मी भेटायला आत गेले. हात मोठ्या बोचक्यासारखा गुंडाळलेला होता. वहिनी उशाशी बसलेल्या. मी काय बोलायचं ते घोकून आले होते, माझं चुकलं, मला माफ करा, वगैरे. पण मिस्त्रींनी सवयीनं डावा पंजा वर केला आणि मला गप्प केलं. तोंड सुकलेलं होतं, पण डोळे माझ्यावर लागलेले.

"बाई, म्हैस सुटली का?"

मी वहिनींकडं पाहिलं, त्या बोचक्याकडं पाहिलं. "सुटली," मी म्हणाले. "वगार झाली."

त्यांनी डोळे मिटले, काठी कानाला लावल्यावर मिटायचे तसे. "मंग जमलं," ते म्हणाले. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला आणि तिथूनच हात जोडले, देवीला की मला ते कळलं नाही.

खोट्याला पाय नसतात म्हणतात. माझ्या खोट्याला चार पाय होते आणि ते दरवर्षी वाढत होतं. गॅरेज बंद झालं. अधूनमधून कुणी गाडी आणायचं, मिस्त्री डाव्या हातात काठी धरून कुठला इंजेक्टर बिघडलाय तेवढं सांगायचे, पण पाना लावायला दुसरीकडं पाठवायचे. तीन एकर ज्वारी आणि वहिनींच्या शेळ्या यांवर घर चाललं. शेळ्यांना लस टोचायच्या निमित्तानं मी जायची. गेले की पहिला प्रश्न ठरलेला. "आपली वगार कशीय?" आपली, म्हणायचे. नाव काय ठेवलं, म्हणून विचारलं, तर मी म्हणाले, चांदी. कपाळावर पांढरा टिकला आहे. टिकलाही मीच दिला. तो मालक त्याच साली राहिलेली जनावरं विकून पुण्याकडं कामाला गेला, म्हणून माझं बिंग फुटलं नाही. वगार कुठं गेली मग? माझ्या नणंदेच्या सासरी, सोनारीला. तिकडं परंड्याच्या बाजूला कोण जातंय बघायला! मिस्त्री वहिनींना म्हणायचे, "भैरवनाथाच्या गावात गेलीय. चांगल्या जागी पडली."

चौथ्या वर्षी त्यांनी हिशेब घातला. "आता येली आसंल की. बाई, पयल्या धारेचा चीक आना." मी दवाखान्यात आलेल्या एका शेतकऱ्याच्या म्हशीचा चीक डब्यात घालून नेला. वहिनींनी गूळ घालून खरवस केला. मिस्त्रींनी डाव्या हातानं वडी उचलली, उरलेल्या तीन बोटांच्या उजव्या हातावर ठेवली आणि खाण्याआधी नुसती बघत राहिले. "एका हाताला दोन जीव," ते म्हणाले. "महाग न्हाय पडलं." मी माझी वडी तशीच ताटलीत ठेवली. वहिनींना वाटलं, मला गोड चालत नाही.

गेल्या वर्षी त्यांचा दमा बळावला. सगळा जन्म डिझेलच्या धुरात गेलेला. अंथरुणाला खिळले, बसल्या बसल्या धाप लागायची. मी गेले तेव्हा वहिनी शेळ्या घेऊन माळावर गेल्या होत्या. मिस्त्री भिंतीला टेकून बसले होते. मला म्हणाले, "बाई, एकडाव चांदीला दावा. तुमच्या गाडीत घालून न्या सोनारीला. लांबनं बगतो. मंग काई मागनं न्हाय."

हो म्हणून मी घरी आले. सोनारीला फोनही केला. नणंद म्हणाली, आमच्या शेजाऱ्याकडं आहे एक टिकल्याची म्हैस. म्हणजे सोय झाली होती. पण मला ते सोसवेना. हा माणूस आता फार दिवसांचा सोबती नाही आणि मी त्याला दुसऱ्याचीच म्हैस दाखवून निरोप देणार, या विचारानं मला स्वतःची शिसारी आली. त्यांना खरं सांगायलाच पाहिजे, ते जायच्या आत सांगायला पाहिजे, असं डोक्यानं घेतलं. माझं डोकं एकदा काही घेतं म्हणजे मग थांबणं नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी मी त्यांच्या दारात उभी राहिले. वहिनी नेमक्या बाहेर. बसले नाही, पाणी घेतलं नाही. सगळं सांगून टाकलं. म्हैस त्याच दिवशी गेली. वगार झालीच नाही. चांदी, टिकला, सोनारी, चीक, सगळं माझं खोटं.

मिस्त्री ऐकत होते. या वेळी त्यांनी पंजा वर केला नाही. मग त्यांनी विचारलं, "म्हंजी आपल्याला उशीर झाला व्हय? आदी गेला आसता तर?"

इथं तरी मी थांबायचं. पण खरं सांगायला आलेल्या माणसाला अंगात आल्यासारखं होतं. "नाही, मिस्त्री," मी म्हणाले. "लवकर जाऊनही उपयोग नव्हता. रेडकू आदल्या रात्रीच गेलं होतं."

ते आपल्या उजव्या हाताकडं बघत राहिले. दोन बोटांच्या जागी जुळलेली गुळगुळीत कातडी होती, तिच्यावरून अंगठा फिरवत राहिले.

"म्हंजी पुठ्ठा आनायला येळ व्हता," ते म्हणाले.

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी रडायला लागले. तेव्हा त्यांनी धापेला आवरत, जरा पुढं वाकून, मलाच समजावलं. "आसू द्या, बाई. तुमचं मोकळं झालं न्हवं?"

झालं होतं. माझंच मोकळं झालं होतं. सात वर्षं त्यांनी आपल्या गेलेल्या हाताच्या जागी एक म्हैस बांधून ठेवली होती आणि तिच्यावर त्यांचं नीट चाललं होतं. मी थंड इंजिनावर पाना लावला आणि माझी घाण काढायची म्हणून त्यांचं बुजलेलं भोक उघडं केलं. हे मी त्यांच्याकडून शिकायला हवं होतं आणि शिकले नाही, याचं मला जन्मभर वाईट वाटत राहील.

त्यानंतर मी दोनदा गेले. पहिला प्रश्न आता "गाडी कशीय?" असा असायचा. बरी आहे, मी म्हणायची. मग आम्ही पावसापाण्याचं बोलायचो. सोनारीला जायचं त्यांनी पुन्हा काढलं नाही. पंधरा-वीस दिवसांत ते गेले.

दहाव्यानंतर मी वहिनींना भेटायला गेले. घरात जाववेना म्हणून आधी शेडाकडं वळले. कुलूप नव्हतं. काठी भिंतीला तशीच होती. सुपात धूळ बसलेली, दहा कवड्या आणि एकही इंजेक्टर नाही. खिळ्याला पुठ्ठा होता, त्या दिवसाचाच बहुधा, डिझेलनं पिवळा पडून वाळलेला. मी तो काढून बघितला. त्यावर एकच मोठा डाग होता, ठिपका वेगळा असा काही ओळखू येत नव्हता. मी तो परत अडकवला.

वहिनींनी चहा केला. आम्ही दोघी ओट्यावर बसलो. शेळ्या लिंबाचा पाला ओरबाडत होत्या. वहिनी म्हणाल्या, शेवटी शेवटी फार बोलत नव्हते, भिंतीकडं तोंड करून पडायचे. मग पदरानं तोंड पुसून त्यांनी विचारलं, "ताई, त्यास्नी जायाचं व्हतं सोनारीला. ऱ्हायलंच. म्या इचारलं तर म्हनले, बाई म्हंती म्हैस गाभन हाय, आता तरास नगं द्यायला. बरी हाय न्हवं आपली चांदी?"

मिस्त्रींनी त्यांना सांगितलं नव्हतं. मी उघडं केलेलं भोक त्यांनी वहिनींसाठी पुन्हा बुजवलं होतं, जाता जाता, त्या तीन बोटांच्या हातानं.

तोंडावर खरं आलं होतं, नेहमीसारखंच, घाईनं. मी चहाचा घोट घेतला. अजून एक घेतला.

"बरी आहे, वहिनी," मी म्हणाले. "श्रावणात विईल."

"मंग चीक आना," वहिनी म्हणाल्या. "त्येंच्या फोटूम्होरं ठिवीन."

श्रावण लागलाय. काक्रंब्याच्या एका शेतकऱ्याच्या म्हशीचे दिवस भरत आलेत, त्याला मी सांगून ठेवलंय.